हंगामी जागा रिकाम्या आहेत

पैसे मोजून घेतलेल्या खुर्चीवर तुम्ही महिनाभर एकदाही बसला नाहीत, तर ती खुर्ची कुणाची? उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि त्या घाईत शंभर पत्रकं छापून बसलो होतो.

लातुरात माझे एक घरमालक होते. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण उत्तर आधीपासून ठाऊक होतं. गोलाईच्या बाजाराजवळच्या एका बोळात त्यांचं बारदान्याचं दुकान होतं. म्हणजे वापरलेली पोती घ्यायची, झटकायची, शिवायची आणि विकायची. दुकानामागे दोन खोल्या. एकीत ते आणि त्यांची बायको, दुसरीत मी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी, आणि बारा महिने तागाच्या धुळीचा वास. मूळचे उदगीरकडचे, त्यामुळे पोती मोजताना 'ओंदु, एरडु, मूरु' अशी कानडीत मोजायचे. भांडताना उर्दू वापरायचे आणि बायकोपुढे गप्प राहायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो.

अप्पांना रिकामी वस्तू बघवत नसे. हा स्वभाव नव्हता, दुखणंच होतं. लग्नाच्या पंगतीत दोन पानांवर माणूस नसला की हे उठून रस्त्यावर जायचे आणि दिसेल त्याला धरून आणायचे. एकदा नवरदेवाच्या मामाशेजारी त्यांनी बँडवाल्याला आणून बसवलं, आणि बासरी वाजवायला माणूस नाही म्हणून वरात अर्धा तास उभी राहिली. एसटीत कुणी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली की अप्पा कंडक्टरला हाक मारायचे, "मास्तर, ह्या पिशवीचं तिकीट फाडा. पूर्ण फाडा, बारा वर्सांच्या वर हाय ती."

मी कंधारहून कॉलेजला आलो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी, एक ट्रंक आणि पत्रकांचा गठ्ठा होता. आमच्या घरात पत्रकं फार. वडील प्रत्येक मोर्चाचं पत्रक जपून ठेवायचे. मी अक्षरं गिरवली ती 'बंधूंनो, जागे व्हा' यावरून. खोली दाखवताना अप्पांनी चारही कोपरे बघितले आणि म्हणाले, "तुझा संसार तर एकाच कोपऱ्यात बसला. तीन खाली हायेत की." दुसऱ्या दिवशी त्या तीन कोपऱ्यांत छतापर्यंत पोती लागली. मी तक्रार केली तेव्हा आक्का आतून म्हणाल्या, "ह्यांच्या डोस्क्यात तेवढी एक जागा खाली हाय. तिथं मातर कुणाला बसवत न्हाईत."

त्या वर्षी लातूर नुकतं जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि पाऊस नुकताच दुसऱ्यांदा गेला होता. दोन्ही गोष्टी एकदम आल्यानं लोकांना हसावं की रडावं कळत नव्हतं. सकाळी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि दुपारी नव्या पाट्या वाचत फिरायचं. आमच्या बोळातल्या न्हाव्यानंसुद्धा पाटी बदलून 'जिल्हा केशकर्तनालय' केली. अशा मोसमात गावातल्या मोठ्या लोकांनी ठरवलं की नव्या जिल्ह्याला शोभेलसं काहीतरी झालं पाहिजे. झाली ती अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा. गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे पगारी खेळाडू असलेले संघ आले. मैदानावर गवताचं पातं नव्हतं. चेंडू मध्यभागी गेला की धुळीत बावीसही जण दिसेनासे व्हायचे, आणि गोल झाला हे शिट्टीवरून कळायचं.

खर्चासाठी समितीनं बाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या गळ्यात सीझन पास मारले. पुठ्ठ्याचा पास, त्यावर खुर्चीचा नंबर, खाली पंधरा सामन्यांचे पंधरा चौकोन. रोज गेटवर एक चौकोन टोचायचा. व्यापाऱ्यांनी वर्गणी समजून पास घेतले, गल्ल्यात लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवले आणि विसरले.

मैदानाभोवतीची कनात अप्पांच्या पोत्यांची होती. ती शिवायला म्हणून ते पहिल्या सामन्याला गेले आणि घरी आले ते तापलेलेच.

"पुढच्या दोन रांगा खाली! आणि मागं बघ, लिंबावर माणसं लटकलीत वटवाघळासारखी!"

"सामना कसा झाला?" मी विचारलं.

"कोणचा सामना?"

हे अखेरपर्यंत असंच राहिलं. त्या महिन्यात अप्पांनी एकही सामना चुकवला नाही आणि एकही बघितला नाही. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे आणि खुर्च्या मोजायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानं पालथी घातली. "शेठ, आज जाणार हाव का? न्हाई? मग पास द्या, सांजच्याला परत." एकेक करत तीसेक पास गोळा झाले. सीझनच्या किमतीला पंधरानं भागायचं आणि एका सामन्याचा पास तेवढ्याच भावात विकायचा. पैसे ज्याचा पास त्याला. स्वतःला एक पैसा नाही. सामना सुटला की गेटवर पोतं उघडून उभे राहायचे, "पास टाका, पास!" आणि लोक निमूट टाकायचे. एकानं पास खिशात घालून कंधार गाठलं, तर अप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कंधारला गेले आणि तिसऱ्या प्रहरी पास घेऊन हजर.

पण हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की दुष्काळात माझा घरमालक तिकिटांचा धंदा करतोय. माझं रक्त उसळलं. मी रात्रभर जागून पत्रक लिहिलं. 'मेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांनो!' अशी सुरुवात होती. खाली दुकानाचा पूर्ण पत्ता दिला होता, कारण माझं तत्त्व असं की आरोप मोघम नसावा. चाळीस पत्रकं वाटली. एकेचाळिसावं अप्पांच्या हातात दिलं. तेही तत्त्वच.

अप्पांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"लई झणझणीत लिवलंस. हे लोणी खाणारा म्हंजे मीच की?"

"हाव," मी म्हणालो. आवाज ठाम ठेवला होता.

"किती छापलेस?"

"शंभर."

"वाटलेस?"

"चाळीस."

"मग साठ काय करून राहिलेत? पडून हायेत?" त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. मग त्यांनी पत्रक उलटं केलं. "आणि हे मागनं तर कोरंच हाय!"

संध्याकाळपर्यंत ते साठही गावात वाटले गेले होते, अप्पांच्या हातानं. पुढच्या बाजूला, 'या काळाबाजारवाल्याकडे पाऊलही टाकू नका.' मागच्या बाजूला पोत्यावर मारायच्या रबरी अक्षरांत, 'फुटबॉलचे पास एका मॅचपुरते मिळतील. भाव छापील. पत्ता पुढच्या बाजूस.'

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुप्पट आलं. लिंबावरून उतरलेले मजूर, हॉटेलातले आचारी, दोन शिपाई. सगळे पहिल्यांदाच खुर्चीवर बसले आणि अप्पा छापील भावाच्या वर दमडी घेत नाहीत हे त्यांनीच मला सांगितलं. मी मनातल्या मनात पत्रक मागे घेतलं. तोंडानं माफी मागणं जमेना, म्हणून म्हणालो, "अप्पा, तुमच्या दुकानाला पाटी लिहून देतो."

"लिही की. सीझन पास मिळतील म्हणून लिही."

"सीझन इंग्रजी शब्द आहे."

"असंना. सगळ्यांस्नी कळतंय."

"आपल्या भाषेत शब्द असताना परक्याचा का वापरायचा? भाषा हीसुद्धा गुलामी असते, अप्पा."

त्यांनी पत्र्याचा तुकडा पुढे केला. मी झोकात लिहिलं: 'हंगामी जागा रिकाम्या आहेत. चौकशी आत करावी.'

आता तुम्हीच वाचा. नवा जिल्हा, रोज नवं ऑफिस उघडतंय, शिपाई, पहारेकरी, पाणके भरताहेत, आणि दुष्काळानं खेडी मोकळी होताहेत. अशा गावात भर बाजारात ही पाटी! मला यात चेंडू दिसत होता. बाकी कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानापुढे बावीस बाया बसल्या होत्या. पाठीशी भाकरीची गठुडी. जळकोटकडच्या एका गावाहून अर्धी वाट चालत आणि अर्धी ट्रकमध्ये आल्या होत्या. त्यांची म्होरकी सोजरबाई चाळिशीची, काटक, कपाळभर कुंकू. दोन दिवसांपूर्वी ती जिल्ह्याच्या ऑफिसात खेटा घालून परत जाताना पाटी वाचून गेली होती आणि बाकीच्यांना घेऊन आली होती.

"जागा द्या," ती म्हणाली.

मी समजावू लागलो. हंगाम म्हणजे मोसम, मोसम म्हणजे फुटबॉलचा, जागा म्हणजे बसायची.

तिनं मला हातानं थांबवलं. "मी प्रौढाच्या वर्गात शिकलेय, बाबा. हंगामी म्हंजे कायम न्हाई ती. जागा म्हंजे नोकरी. रिकाम्या म्हंजे भरायच्या. ह्यातलं कोणतं चुकलं, सांग."

एकही चुकलं नव्हतं. तिनं आयुष्यात सबंध वाचलेली ती पहिली पाटी होती, आणि ती माझ्या हातची होती.

गोष्ट अशी होती. गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं, ते मध्येच बंद पडलं. मागेल त्याला काम द्यायचा कायदा आहे, म्हणून बायांनी तलाठ्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेल्या तर साहेब दौऱ्यावर, आणि कारकून म्हणाला, तुमच्या गावची फाइल अजून जुन्या जिल्ह्यातून यायचीय. आठवडाभरात मुकादमाचा ट्रक यायचा होता, हैदराबादला इमारतींच्या कामावर न्यायला. त्यात बसायचं तर लेकरं म्हाताऱ्यांपाशी सोडून जायचं. नाही बसायचं तर खायचं काय?

"धाकली अजून पितीय माझ्या पोरीची," सोजरबाई म्हणाली.

मी अप्पांकडे बघितलं. वाटलं, आता मला झापणार. ते एवढंच म्हणाले, "सीझन लिवला असता तर एक बी आली नसती." मग बायांकडे वळले. "बोर्ड माझ्या दुकानावर हाय. जिम्मा माझा. अगं, च्या ठेव."

"बावीसांचा?" आतून आवाज आला.

"तेवीस. मी बी घेतो."

चहा होईपर्यंत अप्पा पोत्यांच्या थप्पीवर बसून होते. मग मला विचारलं, "तो सायेब फायनलला येणार हाय का?"

"येणार. बक्षीस तोच देणार."

"किती येळ बसंल?"

"नव्वद मिनिटं. मध्ये दहा मिनिटं सुट्टी."

"आणि तवर दौऱ्यावर जाणार न्हाई?"

"कसा जाईल?"

"नव्वद मिनिटं," अप्पा पुटपुटले. जिल्ह्यात इतका वेळ एका जागी सापडणारा साहेब दुसरीकडे कुठे होता? "पहिल्या रांगेत त्याच्या दोन्ही अंगाला खुर्च्या आपल्याच हायेत. तीन दिसांनी हाय फायनल. बायांनो, तुमच्या जागा पक्क्या."

मला हे पटेना. "अप्पा, हे कायद्यात बसतं का?"

"कायद्यात न्हाई बसत. कुर्सीत बसतंय."

अडचण पुढेच होती. फायनलला मोठे पाहुणे येणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांना पासांची आठवण झाली. एकेक जण दुकानात येऊ लागला. अप्पांनी आदल्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्यांचे त्या सामन्याचे पैसे चुकते केले होते. महिनाभर दुसऱ्यांना पास विकणाऱ्या माणसानं पहिल्यांदा स्वतः बावीस पास विकत घेतले होते. तरी एक कापडवाला हट्टाला पेटला.

"पैसे घ्या परत, अप्पा. मला खुर्ची पाहिजे. साहेबांच्या शेजारची आहे ती."

"चौदा मॅच तुम्ही कुर्सीत बसला न्हाईत, शेठ. तवा तुमचा सायेब जन्मला नव्हता काय?"

कापडवाला पैसे घेऊन गेला. त्यानं वर्षभर पोती दुसरीकडून घेतली.

फायनलच्या दिवशी बावीस बाया धुवट लुगडी नेसून गेटवर आल्या. समितीचे सेक्रेटरी धावतच आले. "हे काय चाललंय? पास ज्याच्या नावावर, त्यानंच यायचं!"

अप्पांनी पास त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "वाचा. 'हा पास दाखविणारास प्रवेश मिळेल.' नाव कुटं हाय?"

"ती छापखान्याची चूक आहे."

"मग छापखान्याला बाहीर काढा. सोजरबाई, दाखव पास."

सोजरबाईनं पास दाखवला. गेटवाल्यानं पंधरावा चौकोन टोचला.

साहेब आले तेव्हा डावीकडे अकरा लुगडी आणि उजवीकडे अकरा लुगडी होती. मधल्या खुर्चीकडे हात करून अप्पा अदबीनं म्हणाले, "सायेब, ही एकच खाली हाय." पुण्याकडचे साहेब. त्यांनी वाकून खुर्चीच्या खाली बघितलं. मागच्या रांगेत हशा पिकला, साहेबही बिचारे लाल झाले आणि बसले. सेक्रेटरींनी दोनदा येऊन बायांना मागे सरकायला सांगितलं. एकीनंही मान वळवली नाही. खेळ सुरू झाला होता.

मला वाटलं सोजरबाई लगेच कामाचं काढेल. तिनं वीस मिनिटं नुसता सामना बघितला. मग साहेबाकडे कलली.

"सायेब, त्या काळ्या कपड्यावाल्याला कुणीच चेंडू कसा देईना? मघापासनं पळून राहिलाय बिचारा."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी पंच म्हणजे काय ते सांगितलं. मग कोपरा, मग गोलकीपर. एक गोल झाला तेव्हा बावीस बाया उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर साहेबही. अप्पा अर्थातच पाठ करून उभे होते.

मध्यंतराची शिट्टी झाली. साहेब उठणार तोच सोजरबाई म्हणाली, "आमच्या गावचं काम कवा काढता?"

साहेबांचा चेहरा ऑफिसचा झाला. "अर्ज दिलाय?"

"तीनदा सांगितलं तलाठ्याला. दोनदा तुमच्या हापिसात."

"सांगून काय होतं, बाई? लेखी अर्ज कुठे आहे? कागद असेल तर मला काम काढावंच लागेल. कागदच नसेल तर मी कशावर सही करू?"

ते वाईट बोलले नव्हते, खरं बोलले होते. तीन दिवस या बाया आमच्या दुकानापुढे बसून होत्या. या तीन दिवसांत मी शासनाच्या विरोधात दोन पत्रकांचा मसुदा केला होता. त्यांच्यासाठी चार ओळींचा एक अर्ज मात्र लिहिला नव्हता. माझ्यासारख्या माणसाला ते फार किरकोळ वाटलं असणार.

मी वहीतली पानं फाडली आणि जमिनीवर बसून अर्जाच्या दोन प्रती लिहू लागलो. सोजरबाई नावं सांगत होती, मी लिहीत होतो. तिनं स्वतःची सही केली, अक्षर अक्षर तोडून. बाकीच्यांनी अंगठे उठवले. शाई मिळेना, तेव्हा कुणीतरी चहावाल्याकडून काजळी आणली. दुसरा हाफ सुरू झाला तरी आमचं चालूच होतं.

साहेब म्हणाले, "सोमवारी ऑफिसात आणून द्या."

अप्पा खुर्च्या मोजायचं सोडून पुढे आले. "हापिसात तुम्ही नसता, सायेब. हितं हाव. एका सहीचं तर काम हाय."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. एक प्रत घडी घालून ठेवली, दुसरीवर 'मिळाला' लिहून सही केली, तारीख घातली. मग बाईला म्हणाले, "आता सामना बघू द्या." आणि अप्पा सोडून सगळ्यांनी मिळून सामना बघितला. शेवटी पेनल्टीवर कुठला संघ जिंकला, मला आता आठवत नाही.

काम निघालं. फायनलपासून आठव्या दिवशी गावच्या रस्त्यावर पुन्हा मुरूम पडला. पण मुकादमाचा ट्रक पाचव्याच दिवशी येऊन गेला होता. बावीसांपैकी तिघी त्यात बसून गेल्या. सोजरबाईची पोर त्यात होती. तान्ही सोजरबाईपाशी राहिली आणि ती रस्त्यावर खडी फोडायला जाताना नातीला झोळीत बरोबर नेऊ लागली. हे तिनंच पुढे अप्पांना दुकानात येऊन सांगितलं. तक्रार म्हणून नाही, खबर म्हणून. मी पोत्यांमागे उभा होतो. त्या दिवशी सकाळी पहिल्या चहाबरोबर अर्ज लिहिला असता, तर तीन दिवस आधी कागद पोचला असता. अप्पांनी मला कधी तसं म्हटलं नाही. गेल्या वर्षी ते गेले तोपर्यंत म्हटलं नाही.

म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, पत्रक लिहिणाऱ्या माणसाची ही एक मागणी. तुम्हाला लिहिता येतं, नाहीतर हे वाचलं नसतंत. यंदाही पाऊस गेलाय. जवळच्या वाडीवर जा आणि विचारा, काम मागितलं का? 'सांगितलंय' असं उत्तर आलं, तर तिथंच खाली बसा. नाव, गाव, किती माणसं, कधीपासून हात मोकळे आहेत, एवढंच लिहा. भाषा साधी ठेवा. दोन प्रती काढा. एक साहेबाच्या टेबलावर ठेवा, आणि दुसरीवर सही-तारखेची पोच मिळेपर्यंत त्याच्या समोरून उठू नका.